पॅलेटचे कुंपण नाशिकच्या मातीत किती टिकेल?

आपला प्रश्न मी समजलो तो असा. मखमलाबादच्या पुढे घरामागे आपली भाजीपाल्याची छोटी बाग आहे. तिच्या एका बाजूला ६० फूट कुंपण करायचे असून मधे एक लहान फाटक हवे आहे. सातपूरच्या एका भंगारवाल्याकडून आपण २८ जुनी लाकडी पॅलेट, म्हणजे कारखान्यांत माल ठेवायला खाली वापरतात ते फळ्यांचे चौकोनी साचे, घेतली आहेत. फूटभर खोल चर खणून त्यात ती जशीच्या तशी उभी गाडायची आणि वरून जळके ऑइल मारायचे, असा आपला बेत आहे. शेळ्या आणि मोकाट गायी आत येऊ नयेत एवढीच अपेक्षा आहे. हे कुंपण किती वर्षे टिकेल आणि पॅलेट पुरतील का, असे आपण विचारले आहे.

पॅलेट पुरतील, थोडी उरतीलही. टिकण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. या पद्धतीने गाडलेले पॅलेट दुसरा पावसाळा काढते, तिसरा बहुधा काढत नाही. अंबडला गेली वीसेक वर्षे मी सुतारकाम करतो, आणि पॅलेटचे माझे पहिले कुंपण मी अगदी आपण म्हणता तसेच गाडले होते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका सकाळी त्याला हाताने रेटले, तर चार पॅलेट जमिनीच्या रेषेवर कडकडून मोडली. आत पाहिले तेव्हा लाकडाच्या जागी मातीचे थर होते आणि त्या थरांमध्ये कागदासारखे पापुद्रे राहिले होते. वरचा तीन फुटांचा भाग मात्र ठणठणीत होता. तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तरही तेच आहे. पॅलेट हा कुंपणाचा पडदा आहे, त्याला खांब करू नये. मातीत जे जाते ते लोखंडाचे असावे आणि पंधरा वर्षांच्या हिशेबाने केलेले असावे. लाकूड त्यावर बोल्टने टांगलेले असावे, जमिनीपासून वर असावे, आणि चार-पाच वर्षांनी पाना घेऊन एका माणसाला एका दुपारी बदलता यावे.

लाकूड नेमके जमिनीच्या रेषेवरच का मोडते, हे समजले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. दोन-अडीच फूट खाली ओल असते पण हवा कमी असते, आणि वर मोकळ्यावर हवा असते पण लाकूड ऊन लागले की वाळते. जमिनीच्या तोंडाशी दोन्ही एकत्र भेटतात. त्यात फळीचे टोक मातीत असले तर ते स्ट्रॉसारखे पाणी ओढून घेते, कारण लाकडाच्या नळ्या उभ्या असतात आणि टोकाकडून पाणी फळीच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटीने लवकर आत शिरते. वाळवीही जमिनीतूनच येते, आणि मातीत गाडलेली फळी म्हणजे तिच्यासाठी पायवाट असते. तेव्हा लाकूड जमिनीपासून किमान तीन इंच वर ठेवावे. या तीन इंचांनी वाळवी पूर्ण थांबत नाही. ती खांबावरून पेन्सिलीएवढी मातीची नळी बांधत वर चढू शकते. पण ती नळी उघड्यावर दिसते, आणि दिसली की खरवडून टाकता येते. मातीच्या आत चाललेले काम आपल्याला दिसतच नाही.

आता पॅलेटची निवड. आपल्याकडे २८ आहेत, पण ती सगळी सारखी नसणार, म्हणून आधी एक दिवस नुसता निवडण्यात घालवावा. निर्यातीच्या मालासोबत आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात देशाची दोन अक्षरे असतात आणि प्रक्रियेची खूण असते. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले आहे, आणि एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. एमबीची पॅलेट मी भाजीच्या बागेजवळ वापरत नाही. हा वायू बराचसा उडून जातो हे खरे, पण इतर पॅलेट मिळत असताना ती घेण्याचे कारणही नाही. शिक्का नसलेले पॅलेट वाईट असते असेही नाही. देशातल्या देशात फिरणाऱ्या मालाला तो शिक्का लागतच नाही, आणि आपल्या औद्योगिक वसाहतींतली बरीच पॅलेट अशीच असतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते, कारण विकणारे तो मुद्दाम वाढवतात. एचटीचा शिक्का असलेल्या लाकडाला वाळवी लागत नाही, असे सांगितले जाते. तापवण्यामुळे त्या वेळी लाकडात असलेले किडे व त्यांची अंडी मरतात, इतकेच घडते. लाकडात औषध काहीच उरत नाही. ते आपल्या बागेत आल्यावर त्याला वाळवी आणि बुरशी इतर लाकडाइतकीच लागते.

शिक्क्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते पॅलेटवर काय सांडले होते हे पाहणे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत त्यावर सुटे भाग असतात, रंगाचे डबे असतात, रसायनांचे ड्रमही असतात. तेलकट काळा डाग, उग्र वास, निळसर-हिरवी छटा, किंवा हाताला चिकटणारा थर असलेले पॅलेट बाजूला काढावे. वासाची परीक्षा सकाळी थंडीत नीट होत नाही. ते दुपारी उन्हात तासभर ठेवावे आणि मग जवळ जाऊन हुंगावे. बाजूला काढलेले असे लाकूड कृपा करून बंबात किंवा चुलीत घालू नये, कारण त्याचा धूर घरातल्या माणसांच्याच छातीत जातो.

त्यानंतर पेचकस घेऊन प्रत्येक पॅलेटच्या आडव्या जाड लाकडांत, ज्यांना आम्ही रनर म्हणतो त्यांत, चार-पाच ठिकाणी टोचून पाहावे. चांगल्या लाकडात टोक अडते. पाव इंच सहज आत गेले तर ते रनर सोडून द्यावे. पॅलेट उचलून सिमेंटच्या फरशीवर एकदा आपटावे. खाली मैद्यासारखा बारीक भुगा पडला तर लाकडाला भुंगा लागलेला आहे, आणि तो शेजारच्या पॅलेटलाही लागू शकतो. रबरवुडच्या फिकट, पिवळसर पॅलेटमध्ये हे मी अधिक पाहिले आहे. निलगिरीचे पॅलेट जड असते, वाळताना पिळते, पण बाहेरच्या कामात पाइनपेक्षा बरे टिकते. पाइन हलके आणि कापायला सोपे, मात्र ओलीपुढे लवकर हार मानते. म्हणून "किती वर्षे टिकेल" याचे एकच उत्तर देता येत नाही. लाकूड कोणते, बाग उताराला आहे की पाणी साचते, सावली किती आहे, यावर ते अवलंबून आहे. माझ्या पद्धतीने बांधलेले पाइनचे पडदे चार ते पाच वर्षे आणि निलगिरीचे सहा-सात वर्षे टिकल्याचे मी नाशिक शहराच्या आसपास पाहिले आहे. त्र्यंबक किंवा इगतपुरीच्या पावसात यातून एक-दोन वर्षे वजा धरावीत.

पूर्ण पॅलेट जसेच्या तसे उभे करू नये, हा माझा दुसरा आग्रह आहे. पॅलेटला दोन्ही बाजूंनी फळ्या असतात आणि मधे तीन-चार इंच पोकळी असते. उभे केले की त्या पोकळीत पालापाचोळा आणि माती साठते, ती कायम ओलसर राहते, त्यात उंदीर घर करतात, आणि उंदरांच्या मागे साप येतो. गंगापूर रस्त्याकडच्या एका बागेत असे कुंपण काढताना तळाच्या पोकळीतून घोणस निघालेली मी स्वतः पाहिली आहे. ज्या बागेत मुले खेळतात आणि बाईमाणसे भाजी तोडायला वाकतात, तेथे ही पोकळी असता कामा नये. म्हणून खालच्या बाजूच्या फळ्या काढून टाकाव्यात आणि वरची बाजू, तिच्या रनरसह, एकेरी पडदा म्हणून वापरावी.

फळ्या काढताना पहारीने उचकटण्याची घाई करू नये. पॅलेटचे खिळे पीळदार असतात. ते लाकडात स्क्रूसारखे बसलेले असतात, आणि ओढले तर खिळा येत नाही, फळीचे टोक चिरते. मी फळी आणि रनर यांच्या फटीत पातळ पटाशी ठोकून दोन सूत, म्हणजे पाव इंच, जागा करतो आणि त्या फटीतून लोखंड कापायच्या पात्याने खिळाच कापतो. यंत्रावरची पुढे-मागे चालणारी करवत असेल तर एका फळीला दोन-तीन मिनिटे लागतात, हॅक्सॉच्या पात्याने पंधरा. खिळ्याचे डोके फळीतच राहते, त्याने काही बिघडत नाही. रनरवर उरलेली टोके मात्र जंबुऱ्याने ओढून काढावीत किंवा ठोकून बसवावीत, आणि काम करताना जाड तळाचे बूट घालावेत.

आता मोजमाप. आपल्याकडची पॅलेट बहुधा १२०० बाय १००० मिलिमीटरची असतील, आणि त्यात साधारणपणे रनर १२०० च्या दिशेला व फळ्या १००० च्या दिशेला असतात. पडदा असा उभा करावा की फळ्या उभ्या राहतील आणि रनर आडवे येतील. उभ्या फळीवरून पाणी घसरून जाते, आडव्या फळीच्या वरच्या कडेवर ते बसून राहते. म्हणजे पडद्याची रुंदी १.२ मीटर आणि उंची १ मीटर झाली. साठ फूट म्हणजे सुमारे १८.३ मीटर. त्यातून फाटकाचे १ मीटर वजा केले आणि खांबांसाठी दर सांध्यावर तीनेक सेंटिमीटर सोडले, तर १४ पडदे बसतात. फाटकामुळे कुंपणाचे दोन तुकडे होतात, म्हणून खांब १६ लागतील. २८ पॅलेटपैकी निवडीत दहा बाद झाली तरी १४ पडदे, एक फाटक आणि दुरुस्तीसाठी फळ्या निघतात. आपल्या ढिगात रनरऐवजी ठोकळे असलेली युरो पॅलेट असतील तर त्यांचे माप १२०० बाय ८०० असते आणि फळ्या लांब दिशेला असतात. त्यांचा पडदा उंच पण अरुंद होतो, त्यामुळे खांब वाढतात. ती फाटकासाठी राखून ठेवावीत.

एक मीटर उंची शेळीला पुरत नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच. लाकडाची उंची वाढवण्याऐवजी खांब वर काढावेत आणि त्यांवर तारेचे दोन पदर ओढावेत. लाकूड वाढवले की वजन वाढते आणि वाराही अधिक अडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि मे महिन्यातल्या वळवाच्या वादळात सलग भिंतीसारखे कुंपण आडवे होते ते याचमुळे. फळ्यांमधल्या फटी बुजवाव्यात असे अनेकांना वाटते. त्या बुजवू नयेत. पडद्याचे रनर बागेच्या आतल्या बाजूला ठेवावेत, नाहीतर तीच शेळीसाठी शिडी होते.

खांबांच्या बाबतीत नाशिकला राहण्याचा मोठा फायदा आहे. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे द्राक्षबागा मोडल्या की मांडवाचे जुने लोखंडी अँगल आणि जस्ताची तार भंगारात येतात. आपण लाकूड जुने घेतलेच आहे, तर खांबही जुनेच घ्यावेत. साडेसहा फूट लांबीचे सरळ अँगल निवडावेत. दोन फूट जमिनीत जातील आणि साडेचार फूट वर राहतील. अँगल घेताना जमिनीत गेलेला जुना भाग तपासावा; गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर तेवढा तुकडा कापून टाकावा, किंवा तो भाग उलटा करून वर घ्यावा.

खड्डा काढताना आपली माती पाहावी लागेल. या भागात काळी माती कोठे फूटभर असते, कोठे पुरुषभर. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा देते, आणि या ओढाताणीत उथळ खांब दरवर्षी थोडा थोडा तिरका होतो. दोन फुटांच्या आत मुरूम लागला तर काम सोपे आहे. नाही लागला तर अडीच-तीन फुटांपर्यंत जावे, त्याप्रमाणे अँगलही लांब घ्यावेत, आणि फाटकाच्या दोन व टोकाच्या दोन खांबांच्या खोलीत तरी काटकसर करू नये. तळाला सहा इंच मुरूम किंवा खडी ठोकून मग सिमेंट, वाळू आणि खडी १:२:४ प्रमाणात घेऊन काँक्रीट भरावे. काँक्रीट जमिनीच्या दोन इंच वर आणावे आणि त्याच्या माथ्याला चारही बाजूंनी ढाळ द्यावा. अँगल काँक्रीटमधून बाहेर येतो तेथेच पाणी थांबले की लोखंड गंजते, म्हणून त्या जागी वर-खाली सहा-सहा इंच डांबर लावावे. बाकी अँगलला रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट पुरतो. दोन टोकांचे खांब आधी उभे करावेत, दोरी ओढावी, आणि मधले त्या दोरीला लावावेत. काँक्रीटला सात दिवस पाणी मारावे आणि तोवर पडदे टांगू नयेत.

पडदे टांगण्यासाठी खिळे किंवा स्क्रू वापरू नयेत. वरच्या आणि खालच्या रनरच्या दोन्ही टोकांना, फळी, रनर आणि अँगल अशा तिन्हींतून आरपार, ८ मिलिमीटरचा बोल्ट घालावा, दोन्हीकडे मोठा वॉशर द्यावा आणि आट्यांना ग्रीस लावावे. रनरची जाडी पॅलेटनिहाय बदलते, म्हणून बोल्ट आणण्यापूर्वी लांबी मोजून घ्यावी. पाच इंची सहसा पुरतो. लाकडातले भोक १० मिलिमीटरचे ठेवावे, कारण लाकूड पावसात फुगते आणि त्याला हलायला जागा हवी. रनरची वरची कड आतल्या बाजूला तीन इंच पुढे आलेली असते आणि तिच्यावर पाणी थांबते. ती तशीच ठेवू नये. वाकसाने किंवा करवतीने तिला आतल्या बाजूकडे अर्धा इंच ढाळ द्यावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि पुष्कळ जण ते टाळतात, पण माझ्या पाहण्यात पडदा आधी कुजतो तो फळी आणि रनर यांच्या सांध्यातच.

जळक्या ऑइलबद्दल मला स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याकडे गावोगावी ते मारतात, आणि वाळवी त्याने काही काळ दूर राहते हेही खरे आहे. पण इंजिनातून निघालेल्या तेलात धातूंचे कण आणि जळालेल्या तेलाचे घातक अंश असतात, पहिल्या पावसात ते धुपून वाफ्यात उतरते, आणि आपण तेथे मेथी-कोथिंबीर लावणार आहात. ते वाळतही नाही. वर्षभर कपड्यांना लागत राहते. मी बागेच्या कामाला ते पूर्णपणे बंद केले आहे. त्याऐवजी डबल बॉइल्ड जवसाचे तेल घ्यावे. पहिला हात निम्मे टर्पेंटाइन मिसळून द्यावा म्हणजे ते आत मुरते, आणि दोन दिवसांनी दुसरा हात नुसत्या तेलाचा. फळ्यांच्या टोकांना, विशेषतः खालच्या टोकांना, ती प्यायची थांबेपर्यंत तेल पाजावे. पावसाळ्यात तेलावर काळी बुरशी येते. ती ब्रशने घासून निघते. सावलीच्या बागेत ती फार येते, तेथे मी बाहेरच्या लाकडाचा रंग वापरतो, मात्र लाकूड आतून पूर्ण वाळलेले असेल तरच, नाहीतर एका वर्षात पोपडे सुटतात. आणि एक धोका जरूर लक्षात ठेवावा. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती मोकळ्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. माझ्या दुकानात एकदा अशा बोळ्यातून धूर निघाला होता, सुदैवाने दिवसाढवळ्या.

कामाचा काळही महत्त्वाचा आहे. खड्डे दिवाळीनंतर काढावेत. तेव्हा काळ्या मातीत पहार सहज जाते आणि भेगाही नसतात. पॅलेट तोवर विटांवर, एकावर एक, मधे फटी ठेवून वाळवावीत, आणि तेलाचे हात मार्च-एप्रिलच्या उन्हात द्यावेत. पहिल्या पावसापूर्वी पडदे चढले पाहिजेत. खड्डे काढण्यापूर्वी हद्दीबद्दल शेजाऱ्यांशी बोलून घ्यावे, आणि थोडीही शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, कारण काँक्रीटमधले खांब हद्दीच्या वादात उपटणे फार क्लेशाचे असते.

खर्चाचा विचार करता पॅलेटपेक्षा खांब, काँक्रीट आणि बोल्ट यांवरच अधिक पैसे जातील. ते पैसे वाचवण्याचा मोह होईल, आणि वाचवायचेच असतील तर रंगावर वाचवावेत, खांबांवर नाही. शिवाय खांब उभे राहिले की त्याच वर्षीच्या जूनमध्ये, कुंपणापासून दीड-दोन फूट आत, करवंदाची रोपे दोन-दोन फुटांवर लावावीत. करवंद हळू वाढते, पहिली तीन वर्षे शेळीच्या तोंडापासून त्याला जपावे लागते, आणि ते जपण्याचे काम हे पडदे आपोआप करतात. पाचव्या-सहाव्या वर्षी फळ्या थकतील तेव्हा मागे काटेरी कुंपण तयार असेल. मग नवे पडदे चढवायचे की नुसती तार ठेवायची, हे आपण त्या वेळी ठरवू शकाल. सध्या २८ पॅलेट उन्हात मांडून त्यांतली किती निवडीत टिकतात ते पाहावे, आणि खड्ड्यात मुरूम किती फुटांवर लागतो ते कळवावे. त्यावरून अँगलची लांबी मी नेमकी सांगू शकेन.